काचतंतूंचा पाटा : पिकअपच्या मागच्या ॲक्सलला चालेल काय?

अंबडचा कारखानदार

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत काचतंतू आणि रेझिन (तंतूंना बांधून घट्ट होणारा चिकट द्रव) यांपासून वस्तू बनवण्याचा माझा छोटा कारखाना आहे. पाण्याच्या टाक्या, बसच्या आतली पॅनेले आणि शीतगृहांचे दरवाजे हा आमचा नेहमीचा माल आहे. माझे मेव्हणे दिंडोरी परिसरातून द्राक्षे आणि टोमॅटो वाशीच्या बाजारात नेणाऱ्या चार पिकअप चालवतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या दोन गाड्यांचे मागचे पाटे, म्हणजे ॲक्सलवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, महिन्याभराच्या अंतराने तुटले आणि तेव्हापासून ते घरी जेवायला आले की एकच प्रश्न विचारतात, "दाजी, तुम्ही फायबरच्या टाक्या करता, मग फायबरचा पाटा का करत नाही?"

सुरुवातीला मी हसण्यावारी नेले. परंतु परदेशी मोटारींमध्ये काचतंतूंच्या स्प्रिंगा गेली कित्येक वर्षे वापरात असल्याचे वाचल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. साचे करण्याची सोय माझ्याकडे आहे, कच्चा माल ओळखीचा आहे आणि हात बसलेली चार माणसे आहेत. असा पाटा पोलादाच्या तोडीस तोड टिकतो काय, आणि टिकत असेल तर तो आपल्या पिकअपना अजून का लागलेला नाही, हे जाणकारांनी समजावून सांगावे. यंत्र अभियांत्रिकीचे माझे शिक्षण पदविकेपर्यंतचे आहे, तेव्हा थोडे गणित आले तरी चालेल.

तंतूवेडा

मी मूळचा नाशिकरोडचा असून सध्या पुण्यात तंतुमय संमिश्र पदार्थांच्या कामात आहे. तुमच्या मेव्हण्यांचा प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही.

स्प्रिंगचे काम ऊर्जा साठवून ती परत देण्याचे असते. एक किलो पदार्थ किती ऊर्जा साठवू शकतो हे ताणाच्या वर्गाला घनता आणि ताठरता यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की कळते. यातली गंमत अशी की ताठरता भागाकारात आहे, म्हणजे पदार्थ जितका कमी ताठर, तितका तो स्प्रिंगसाठी चांगला, फक्त त्याने ताण सोसला पाहिजे. पोलादाची ताठरता २०६ गिगापास्कल आणि घनता प्रतिघनमीटर ७,८५० किलो असते. एका दिशेने घातलेल्या काचतंतूंच्या पट्टीत तंतूंचे प्रमाण आकारमानाने ५५ ते ६० टक्के असेल, तर तिची ताठरता ४२ गिगापास्कलच्या आसपास आणि घनता साधारण २,००० किलो भरते. हिशोबासाठी पोलादाला ५०० मेगापास्कल आणि काचतंतूंना ३०० मेगापास्कल ताण देऊ. पोलाद किलोमागे सुमारे ७७ जूल साठवते, तर काचतंतूंची पट्टी सुमारे ५३५ जूल, म्हणजे जवळजवळ सातपट. पाटा वाकतो तेव्हा पूर्ण ताण फक्त वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर येतो आणि मधला गाभा जवळपास रिकामाच राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे दोन्ही आकडे बरेच खाली येतात. पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण फारसे बदलत नाही.

बरेच जण विचारतात की मग कार्बन तंतू का नकोत? कार्बनची पट्टी हलकी आणि बळकट असली तरी ती तितकीच ताठर असते. १३० गिगापास्कल ताठरता आणि ५०० मेगापास्कल ताण धरला, तर किलोमागे ६२० जूलच्या आसपास आकडा येतो. एवढ्याशा फरकासाठी काचतंतूंच्या कितीतरी पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. विमानाच्या पंखाला ताठरपणा हवा असतो, स्प्रिंगला तो अडचणीचा ठरतो.

निवृत्त पाटेवाला

तंतूवेडा यांचे गणित बरोबर आहे, परंतु पोलादाची बाजू मांडायला कोणीतरी हवे. पाट्यांच्या कारखान्यात उष्णता-प्रक्रियेच्या विभागात मी तीस वर्षे काढली आहेत.

पोलादी पाटे एकावर एक का रचतात, हे आधी समजून घ्यावे. जाड पाटा वाकवला की त्याच्या पृष्ठभागावरचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. सगळी ताठरता एकाच जाड पाट्यातून मिळवायची म्हटली, तर थोडे वाकताच तो मर्यादा ओलांडेल. म्हणून जाडी वाटून पातळ पाटे करतात आणि खालचे पाटे क्रमाने आखूड ठेवतात. सिलिकॉन मिसळलेले स्प्रिंगचे पोलाद लालबुंद तापवून, साच्यात बाक देऊन तेलात बुडवून एकदम थंड करायचे, पुन्हा मध्यम उष्णतेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, मग ताण येणाऱ्या पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करायचा. त्या माऱ्याने कातडीत दाब अडकून राहतो आणि चीर सुरू होण्यास अडथळा होतो. शेवटी संपूर्ण संच मर्यादेपर्यंत एकदा दाबून घ्यायचा, म्हणजे जे काही बसायचे ते कारखान्यातच बसते. इतकी वर्षे घासूनपुसून तयार झालेली ही विद्या आहे आणि तिच्यातून निघालेला पाटा स्वस्तही असतो.

पोलादाचा खरा शत्रू म्हणजे थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकल्याने चीर पडून ती हळूहळू वाढत जाणे. आमच्याकडे परत आलेल्या तुटक्या पाट्यांमध्ये चीर बहुतेक वेळा मधल्या बोल्टच्या भोकापासून, पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टने आवळलेल्या भागाच्या कडेपासून किंवा गंजाच्या खड्ड्यापासून सुरू झालेली दिसे. इगतपुरीच्या पावसात दोन पाट्यांच्या मध्ये पाणी आणि चिखल शिरतो, तिथे गंज धरतो आणि एकमेकांवर घासणारे पाटे तो आणखी कुरतडतात.

आणि एक गोष्ट. वजन कमी करण्यासाठी थेट काचतंतूंकडे उडी मारण्याची गरज नाही. मधोमध जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे दोन-तीन पाटे, ज्यांना पॅराबोलिक म्हणतात, ते आपल्याकडच्या ट्रकांना कधीच लागले आहेत. त्यांत लोखंड कमी लागते, घर्षणही कमी होते आणि पोलाद ओळखणारा मिस्त्री कुठेही मिळतो.

धागाकर्त्यांना माझा प्रश्न असा आहे की मेव्हण्यांचे पाटे तुटले ते पोलाद वाईट होते म्हणून, की ओझे जास्त होते म्हणून?

पिंपळगावकर

वरच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मेव्हण्यांच्या वतीने मीच देतो, कारण माझाही धंदा तोच आहे. ओझे जास्त होते. कांद्याच्या हंगामात पिकअपमध्ये नियमापेक्षा आठ-दहा गोण्या जास्त चढतात हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यासाठी गाडी घेतल्याच्या आठवड्यातच आम्ही जादा पाटा टाकून घेतो. गाडी रिकामी असली की ती त्यामुळे बैलगाडीसारखी आदळते, पण भरल्यावर बसत नाही.

चार वर्षांपूर्वी कसारा घाट उतरताना माझ्या गाडीचा डावीकडचा मुख्य पाटा पुढच्या डोळ्याजवळ, म्हणजे गाडीला जोडण्यासाठी टोकाला दिलेल्या गोल वळणाजवळ, तुटला. तुटल्याचा आवाज आला, ॲक्सलची ती बाजू किंचित मागे सरकली आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागली. वाचलो ते एवढ्याच कारणाने की दुसऱ्या पाट्याचे टोक पहिल्याच्या डोळ्याभोवती अर्धे वळवलेले असते, आणि त्याने ॲक्सल धरून ठेवला. वीस किलोमीटरच्या वेगाने गाडी कशीबशी घाटाखाली आणली. फायबरचा एकच अखंड पाटा असेल आणि तो तुटला, तर ॲक्सल कोण धरणार, हे मला तंतूवेडा यांच्याकडून ऐकायचे आहे.

शंकासुर

मला तर हे सगळे प्रदर्शनातल्या मोटारींपुरते वाटते. ज्या देशांत रस्ते आरशासारखे आहेत तिथे प्लास्टिकची स्प्रिंगही चालेल. द्वारका ते आडगाव एवढे अंतर जरी असा पाटा पावसाळ्यात टिकला तरी मी मानेन. शिवाय कोणत्या गाडीत तो आहे, हे नावानिशी सांगितल्याशिवाय चर्चेला अर्थ नाही.

तंतूवेडा

शंकासुर यांनी नावे मागितली म्हणून आधी ती देतो, कारण पिंपळगावकरांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्यातच आहे.

शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी मोटारीत १९८१ साली मागच्या बाजूला काचतंतूंचा एकच आडवा पाटा आला. त्याआधी तिथे दहा पात्यांचा पोलादी संच होता. त्या संचाचे वजन अठरा-वीस किलोंच्या घरात होते आणि त्याची जागा घेणारा पाटा साडेतीन किलोंच्या आसपास भरला. १९८४ च्या पिढीपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे असे आडवे पाटे आले आणि २०१९ पर्यंत ते टिकून राहिले. पुढच्या पिढीत इंजिन आसनांच्या मागे गेले, तेव्हा त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या. मर्सिडीजच्या स्प्रिंटर या मालवाहू व्हॅनच्या पुढच्या ॲक्सलला २००६ च्या पिढीत काचतंतूंचा आडवा पाटा आला, आणि ती व्हॅन प्रदर्शनात उभी राहणारी नसून रोज सामान वाहणारी आहे. व्होल्वोने एक्ससी ९० च्या दुसऱ्या पिढीत मागे असाच पाटा घातला, त्यात पॉलियुरेथेन रेझिन वापरले आणि कॉइल स्प्रिंगांच्या रचनेपेक्षा साडेचार किलो वाचवले. ऑडीने तर २०१४ मध्ये काचतंतूंची कॉइल स्प्रिंगच जाहीर केली. पोलादाची तशी स्प्रिंग २.७ किलोंची, ही सुमारे १.६ किलोंची. तिचा गाभा पिळलेल्या लांब तंतूंचा असतो आणि त्याच्यावर अक्षाशी ४५ अंशांचा कोन करून दोन्ही दिशांनी आलटून पालटून तंतूंचे थर गुंडाळलेले असतात. कॉइल दाबली की तिच्या तारेला पीळ बसतो, आणि पिळाचा ताण बरोबर ४५ अंशांत धावतो, म्हणून ही योजना.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या गाड्यांमध्ये चाक जागेवर धरण्याचे काम पाटा किंवा स्प्रिंग करत नाही. त्यासाठी वेगळे दांडे असतात. पाटा फक्त उभा भार सोसतो, फार तर गाडी वळणावर झुकू नये म्हणून थोडा हातभार लावतो. आपल्या पिकअपमध्ये मात्र मागचा पाटा लांबीत बसवलेला असतो आणि तो एकटाच सगळे करतो. तो ॲक्सल पुढे-मागे सरकू देत नाही, वळणावर बाजूला जाऊ देत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो तेव्हा तो पीळही अंगावर घेतो. एका दिशेने घातलेले तंतू लांबीच्या दिशेत अतिशय बळकट असतात. परंतु आडव्या दिशेत आणि थरांच्या मध्ये जे काही बळ असते ते रेझिनचे असते. लांबीत हजारच्या आसपास मेगापास्कल सोसणारी पट्टी थरांमधल्या कर्तनाला, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या ताणाला, साठ-सत्तरवर सुटू शकते. पोलादाला ही दिशांची भानगड नाही, ते सगळीकडून सारखेच.

पिंपळगावकर, तुमच्या गाडीत ज्या दुसऱ्या पाट्याने ॲक्सल धरला, त्याची जागा भरणारी रचना केल्याशिवाय पिकअपच्या मागे एकच काचतंतूंचा पाटा बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असा पाटा सहसा पोलादासारखा एकदम दोन तुकडे होऊन तुटत नाही. थर सुटू लागतात, तंतू उसवतात, गाडी एका बाजूला बसू लागते आणि चालकाला सूचना मिळते, हे खरे आहे. पण टोकाचा पोलादी डोळा पाट्याला जिथे जोडलेला असतो तो सांधा निखळला, तर ती सूचना मिळेलच असे नाही.

अंबडचा कारखानदार

इतक्या सविस्तर उत्तरांची मी अपेक्षा केली नव्हती. तरीही हातात कॅल्क्युलेटर घेऊन बसल्याशिवाय चैन पडेना. मेव्हण्यांच्या गाडीचा संच पाच पाट्यांचा आणि प्रत्येकी ८ मिलिमीटर जाडीचा आहे असे धरले, रुंदी आणि लांबी तीच ठेवली, तर तेवढ्याच ताठरतेसाठी काचतंतूंचा पाटा किती जाड लागेल? माझ्या हिशोबाने २३ मिलिमीटर आले. कोणीतरी तपासावे.

तंतूवेडा

बरोबर आहे. ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाच पाटे आणि ताठरतेतला ४.९ पटींचा फरक यांचा गुणाकार साडेचोवीस होतो, त्याचे घनमूळ २.९, आणि त्याला ८ ने गुणले की २३.२ मिलिमीटर. गाडी तेवढीच दबली तर या पाट्याच्या पृष्ठभागावरचा ताण पोलादाच्या ताणाच्या ५९ टक्के येतो. म्हणजे पोलादावर ५०० मेगापास्कल असतील तिथे यावर २९६. मी सुरुवातीला ३०० धरले होते ते उगाच नव्हते. अर्थात खालचे पाटे आखूड असतात हे आपण सोडून दिले आहे, त्यामुळे हा अंदाजच समजावा. पण पाच पाट्यांच्या जागी एक कसा पुरतो, ते यातून दिसते. पोलाद जिथे जाडीमुळे हरते तिथे कमी ताठर पदार्थाला मोकळीक मिळते.

मात्र कारखान्याबद्दल एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. टाक्यांसाठी आपण वापरत असाल ती चटई म्हणजे तुकड्या-तुकड्यांचे, कसेही पसरलेले काचतंतू. ब्रशने आणि रोलरने रेझिन भरून केलेल्या त्या पत्र्याची ताठरता सात-आठ गिगापास्कल असते आणि तंतूंचे प्रमाण वजनाने जेमतेम तीस-पस्तीस टक्के. त्यात हवेचे बुडबुडे राहतात. टाकीला ते चालतात, पाट्यात प्रत्येक बुडबुडा थर सुटण्याची जागा ठरतो. पाट्यासाठी एका दिशेचे अखंड तंतू हवेत, ते सारख्या ताणाने बसवलेले हवेत आणि बंद साच्यात दाबाखाली रेझिन भरले गेले पाहिजे, किंवा आधीच रेझिन पाजलेल्या पट्ट्या रचून त्या गरम साच्यात दाबल्या पाहिजेत. शिवाय २३ मिलिमीटर जाडीत रेझिन घट्ट होताना स्वतःच तापते आणि ती उष्णता गाभ्यातून बाहेर पडायला वेळ लागतो. घाई केली तर बाहेरून चकचकीत दिसणारा पाटा आतून तडकलेला निघतो. टाकीचे साधे पॉलिएस्टर रेझिन सायलेन्सरच्या नळीशेजारी नरम पडेल, तिथे उष्णतेत पिकवलेले, म्हणजे तापवून घट्ट केलेले, इपॉक्सी रेझिन हवे.

निवृत्त पाटेवाला

तंतूवेडा यांनी पिकवण्याची गोष्ट काढली म्हणून सांगतो, आमच्या भट्टीवर एखादा नवा मुलगा आला की मी त्याला आधी आठवडाभर फक्त रंग पाहायला लावत असे. पोलाद किती तापले ते त्याच्या रंगावरून डोळ्याला कळते. रेझिनच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्याला कळत नाही, ही मला त्यातली सर्वांत मोठी अडचण वाटते.

दुसरे असे की पाट्यांच्या एकमेकांवरच्या घर्षणाने गाडीचे हेलकावे थोडे आपोआप शमतात. एकच पाटा आला की ते घर्षण गेले आणि सगळा भार शॉक ॲब्सॉर्बरवर पडला. आपल्याकडे शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळून वर्ष झाले तरी तो बदलत नाहीत. तशा गाडीला असा पाटा लावला तर द्राक्षांचा रस वाशीला पोहोचेल.

ओझरकर

मी विमानांच्या संमिश्र भागांच्या तपासणीचे काम केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

वरून न दिसणारा दोष शोधण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकणे. भाग धड असेल तर आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे तो बद्द होतो. पातळ पत्र्यात ही रीत चांगली चालते, पण २३ मिलिमीटर जाडीच्या खोल गाभ्यात सुटलेला थर तिने हमखास सापडेल असे मी म्हणणार नाही. तिथे अल्ट्रासाउंड लागते. काचतंतूंची एक सोय मात्र आहे. रंग न दिलेल्या पट्टीला मार बसला की तिथे पांढुरका डाग उठतो, तो डोळ्यांना दिसतो. कार्बनमध्ये तशी खूण दिसत नाही. म्हणून पाट्याला काळा रंग फासून तो पोलादासारखा दिसावा असा अट्टहास करू नये.

पाण्याबद्दल दोन शब्द. हा पाटा गंजत नाही हे खरे, पण रेझिन थोडे पाणी पिते आणि पाणी प्यायलेले रेझिन उष्णतेत लवकर नरम पडते. काचेच्या तंतूवर सतत ताण असताना त्याला आम्ल लागले, तर तो कमी ताणावरही तुटतो. बॅटरीचे आम्ल ठिबकण्याची जागा पाट्याच्या वर येऊ नये, इतके साधे पथ्य यातून निघते. आम्लाला अधिक दाद न देणाऱ्या काचेचे तंतूही मिळतात. दगडाच्या माऱ्यासाठी खालच्या बाजूला एखादा चिवट थर देता येतो.

आडगाव नाका

आमचे गॅरेज ट्रक टर्मिनलजवळ आहे आणि पाट्यांचे काम वडिलांपासून चालू आहे. अभियंत्यांच्या चर्चेत मिस्त्रीने बोलावे की नाही असे वाटत होते, पण तुमचा पाटा शेवटी आमच्याच हातात येणार आहे, म्हणून लिहितो.

गाडी आली की आम्ही काय करतो ते सांगतो. पाटा बसला असेल तर उतरवून, ठोकून त्याला पुन्हा बाक देतो. तो फार दिवस टिकत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, पण शेतकऱ्याकडे त्या दिवशी नव्या पाट्याचे पैसे नसतात. एकच पाटा तुटला असेल तर तेवढाच बदलतो, बाकीचे तेच ठेवतो. यू-बोल्ट लांब पान्याने, वर पाइप घालून, अंगातला जोर संपेपर्यंत आवळतो. मधला बोल्ट तुटला असेल आणि भोक घासले असेल, तर ते मोठे करतो. फायबरच्या पाट्याला यातले काय चालेल?

तंतूवेडा

यातले एकही चालणार नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार मानतो, कारण आरेखन करणारे अभियंते तो विचारायचे विसरतात.

ठोकून बाक देता येत नाही, कारण पिकलेले इपॉक्सी पुन्हा वळत नाही. भोक पाडले की नेमके भार वाहणारे तंतू कापले जातात, म्हणून अशा पाट्यात मधला बोल्ट आरपार घालत नाहीत. पाट्याला वरून आणि खालून धातूच्या वाट्या बसवून, मध्ये रबर किंवा तत्सम चिवट पदार्थाची गादी देऊन तो पकडतात. जादा आवळले तर आडव्या दिशेत रेझिन चिरडते, म्हणून ठरावीक टॉर्कचाच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा, पाना हवा. आणि जादा पाटा टाकणे तर दूरच, कारण पोलादी पाटा काचतंतूंच्या पाट्यावर घासला की तो त्याला कापत जाईल. टाकाऊ पाटा भंगारातही जात नाही. पोलाद वितळते, तसे हे वितळत नाही. फार तर दळून किंवा सिमेंटच्या भट्टीत घालून त्याची विल्हेवाट लावतात.

शंकासुर

म्हणजे माझी शंका निम्मी तरी खरी निघाली. पण प्रामाणिकपणे सांगतो, ती चुकीच्या कारणासाठी होती. मला वाटत होते की खड्ड्यांनी तो मोडेल. इथे तर तो गॅरेजमध्ये मोडणार असे दिसते.

निवृत्त पाटेवाला

शंकासुरांनी नेमके बोट ठेवले. खर्चाच्या बाजूने एक मुद्दा राहून जातो, तो मांडतो. पाट्यात वाचलेला प्रत्येक किलो म्हणजे कायदेशीर माल एक किलो जास्त. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने ॲक्सलच्या मर्यादा वाढवल्या आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. ज्या मालकाची गाडी काट्यावर नेहमी मर्यादेत असते, त्यालाच अशा किलोकिलोचे मोल कळते. टँकरवाले त्यात येतात, कारण त्यांचा माल मोजूनच भरलेला असतो. आठ-दहा गोण्या जास्त चढवणाऱ्याला पाट्यातल्या पंधरा किलोंचे काय कौतुक असणार? पिंपळगावकरांनी राग मानू नये.

पिंपळगावकर

राग कसला, काका. खरे आहे ते. फक्त भाडे ठरवणारा व्यापारी गोण्या मोजून भाडे देतो, पाटे मोजून देत नाही, एवढेच लक्षात असू द्यावे.

ओझरकर

धागाकर्त्यांनी तरीही पाटा बनवून मेव्हण्यांच्या गाडीला लावायचे मनात आणले असेल, तर एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हीच गोष्ट काढेल. रीतसर मार्ग वाहन उत्पादकाच्या परवानगीने जातो आणि पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहने तपासणाऱ्या संस्थेतल्या चाचण्यांवरून जातो. तिथे पाटा यंत्रावर लाखो वेळा दाबून सोडला जातो. घरच्या गाडीवर आणि घरच्या माणसावर ही चाचणी करू नये.

अंबडचा कारखानदार

चार दिवस सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. काल मेव्हण्यांना घेऊन आडगाव नाक्यावरच्या गॅरेजात जाऊन आलो. त्यांच्या दोन्ही तुटक्या पाट्यांचे तुकडे तिथे अजून पडून होते. निवृत्त पाटेवाला यांनी सांगितल्याप्रमाणे एकाची चीर मधल्या भोकापासून निघाली होती, दुसऱ्याची यू-बोल्टच्या कडेपासून. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग जुना, गंजलेला आणि गुळगुळीत होता आणि उरलेला भाग ताजा, खरखरीत. म्हणजे पाटा त्या रात्री तुटला तरी तो कित्येक महिने तुटत होता. मेव्हण्यांनी तो तुकडा बराच वेळ हातात धरला होता. पिकअपला फायबरचा पाटा करण्याचा विचार मी सोडला आहे, आणि त्यांनी शॉक ॲब्सॉर्बर बदलायचे कबूल केले आहे. गोण्यांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

पण एक दिशेचे तंतू आणि दाबाचा साचा ही गोष्ट मनात बसली आहे. माल चाळणाऱ्या आणि पुढे सरकवणाऱ्या कंपन यंत्रांना काचतंतूंच्या पट्टीस्प्रिंगा लागतात असे एका ग्राहकाकडून कळले. तिथे पट्टी दोन्ही टोकांना पकडलेली असते, थोडीशीच वाकते आणि मोडली तर यंत्र थांबते, माणूस मरत नाही. या कामाचा कोणाला अनुभव आहे काय?

पिंपळगावकर

आमच्या गावाजवळ बेदाणा साफ करण्याच्या एका शेडमध्ये अशी कंपन करणारी चाळणी आहे. तिच्या पट्ट्या पिवळसर, अर्धपारदर्शक आहेत आणि हंगामात दोन-तीन तरी मोडतात. बाहेरून मागवाव्या लागतात आणि तोवर बेदाणा पडून राहतो. मोडलेल्या पट्ट्या त्यांनी ठेवल्या आहेत. मालकाशी बोललो, रविवारी सकाळी आलात तर दाखवतील.

तंतूवेडा

मोडलेल्या पट्ट्या नक्की आणा आणि त्या कुठे मोडल्या ते आधी पाहा. पकडीच्या कडेलाच मोडल्या असतील, तर पट्टीपेक्षा पकडीची गादी आणि बोल्टचा टॉर्क तपासावा. मधेच थर सुटले असतील, तर रेझिन किंवा बुडबुड्यांचा दोष असेल. पांढुरका डाग किती लांब पसरला आहे त्याचे माप घ्या आणि एक न वापरलेली पट्टी मिळाली तर तिचा छोटा तुकडा भट्टीत जाळून उरलेल्या काचेचे वजन करा, म्हणजे तंतूंचे प्रमाण किती आहे ते कळेल. त्या आकड्यावरून तुमचा पहिला साचा कसा असावा ते ठरवता येईल.

अंबडचा कारखानदार

रविवारी सकाळी नऊला निघतो आहे. मेव्हणे गाडी रिकामी घेऊन येणार आहेत.